दुसऱ्या क्लॅरनेटची खुर्ची

दादा,

तू गेल्यापासून माणसं भेटायला येतात आणि बसल्या बसल्या विचारतात, वय काय होतं, नोकरी किती झाली, दुखणं काय होतं. वहिनी सगळ्यांना सांगते. तिचं आता पाठ झालंय. मी तिच्या शेजारी बसून नुसती मान हलवते. मला विचारलं तर मी भलतंच सांगत बसेन. तुझं नाव घेतलं की मला एक संध्याकाळ आठवते. दोन वर्षांपूर्वीची, लातूरची. माझ्या नवऱ्याचा काळा कोट घालून तू स्टेजवर बसला होतास ती.

पण तिच्या आधीची एक दुपार आहे. ती तुलाही माहीत होती, मलाही. आपण दोघं तिच्याबद्दल एक अक्षर कधी बोललो नाही.

मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. हिमायतनगरच्या पलीकडच्या आपल्या गावातून तू मला शिकायला नांदेडला आणलं होतंस. पोलीस लाइनीतल्या तुझ्या दीड खोलीतली अर्धी खोली माझी. तू पोलीस बँडात क्लॅरनेट वाजवायचास. सकाळी रियाजाला बसलास की माझ्या अभ्यासाला त्रास नको म्हणून खिडकीला गोधडी लावायचास. गोधडीनं काय आवाज अडतो? पण तू लावायचास.

लातूरची माणसं मला बघायला आली ती त्याच खोलीत. गावाकडून बाबा आले होते, नवं धोतर नेसून, आणि त्यांना बोलायला काही सुचत नव्हतं. होणाऱ्या सासऱ्यांनी सहज मला विचारलं, "भाऊ काय करतात?"

मी म्हणाले, "पोलिसात आहेत."

"हवालदार?"

"हो. तसंच."

तू दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होतास. मी तुझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. कॉलेजातल्या मुलींनी एकदा तुला कुणाच्या तरी वरातीत वाजवताना बघितलं होतं, आणि मग कितीतरी दिवस वर्गात माझ्याकडे बघून गालाचे फुगे करायच्या. "हिचा भाऊ बाजावाला." ते माझ्या मनात होतं. एवढंच कारण. ते फार मोठं कारण नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

तू ट्रे खाली ठेवलास आणि पाहुण्यांना म्हणालास, "साखर कमी असंल तर सांगा."

सोयरीक जमली. लग्नात तुझे बँडातले दोस्त साध्या कपड्यांत आले, जेवले, मला आशीर्वाद देऊन गेले. वाजवायचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. नवरदेवाकडच्या बँडातला क्लॅरनेटवाला सगळा वेळ बेसूर वाजवत होता, आणि तू मांडवाच्या खांबाला टेकून पाहुण्यांना अक्षता वाटत होतास.

पुढं सासरी सगळ्यांना कळलंच तू काय करतोस ते. कधी कळलं, कुणाकडून कळलं, मी विचारलं नाही. त्यांनीही काही म्हटलं नाही. तरी शाळेत कुणी विचारलं की तीस वर्षं माझ्या तोंडातून तेच यायचं, "भाऊ पोलिसात आहे." तू रिटायर झालास तेव्हा, "पोलिसात होता." जिभेला वळणच पडलं होतं.

आता ती संध्याकाळ. खरं तर तो दिवस सकाळपासूनच सांगायला हवा, कारण स्टेजवर बसेपर्यंत काय काय झालं ते तुला सगळं कुठं माहीत होतं?

आमच्या सांस्कृतिक मंडळानं पुण्या-मुंबईकडचा चाळीस वादकांचा ऑर्केस्ट्रा बोलावला होता. आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हटलं की सिनेमाची गाणी. हा तसला नव्हता. व्हायोलिनंच वीस-बावीस, शिवाय माणसाएवढे चेलो, बासऱ्या, ट्रम्पेट. आधी अडीचशे वर्षांपूर्वीची युरोपातली एक सिंफनी, आणि मध्यंतरानंतर गेल्या शतकातली, महायुद्धानंतर लिहिलेली एक रचना. मंडळाच्या चिटणीस म्हणून पाण्याच्या बाटल्यांपासून खुर्च्यांपर्यंत सगळं माझ्याकडं.

सकाळी दहाला निरोप आला की दुसरं क्लॅरनेट वाजवणारी मुलगी उलट्यांनी आजारी पडली आहे आणि तिला सलाइन लावलंय. ऑर्केस्ट्राच्या कंडक्टर बाई सभागृहाच्या पायरीवर डोकं धरून बसल्या. म्हणाल्या, "पहिली रचना कशीही निभावेल. दुसरीत एक जागा आहे, तिथं फक्त दुसरं क्लॅरनेट वाजतं. पहिला क्लॅरनेटवाला तेव्हा वरच्या सुरात दुसरंच काहीतरी वाजवत असतो. ती जागा रिकामी ठेवून वाजवण्यापेक्षा मी रचनाच रद्द करते. लातुरात नोटेशन वाचणारा कुणी क्लॅरनेटवाला मिळेल का?"

आमचे अध्यक्ष डॉक्टरसाहेब हसले. "मॅडम, इथं क्लॅरनेट म्हणजे लग्नातले बँडवाले. ते कुठलं नोटेशन वाचणार?"

बाकीचेही हसले. दादा, खोटं कशाला सांगू, माझंही तोंड हसायला निघालं होतं. सवयीनं. आणि मग मला पाच रेषांवर सूर लिहिलेले ते जाड कागद आठवले. तू बँडाच्या ट्रेनिंगहून आलास तेव्हा भिंतीला लावले होतेस. रॉकेलच्या स्टोव्हवर भात शिजेपर्यंत त्यांच्यासमोर उभा राहून बोटं हलवायचास.

मी म्हणाले, "माझा भाऊ वाचतो. नांदेडला असतो. बँडात वाजवतो."

डॉक्टरसाहेब म्हणाले, "विमलताई, तुमचे बंधू तर पोलिसात होते ना?"

"हो. पोलिसांच्या बँडात. आता लग्नांत वाजवतो."

बस, एवढंच. तीस वर्षं अडलेलं वाक्य चार-पाच शब्दांचं निघालं. कंडक्टर बाई एवढंच म्हणाल्या, "फोन लावा."

तुला फोन लावला तेव्हा तू नायगावच्या लग्नाला निघायच्या तयारीत होतास. मी भराभरा सगळं सांगितलं. तू म्हणालास, "इमे, सुपारी घेतलेली हाय. नवरदेव घोड्यावर बसला अन् म्या न्हाई म्हणलं तर कसं?"

"दुसरा कुणी मिळत नाही का?"

"थांब."

दहा मिनिटांनी तुझाच फोन. "गंगाधरला धाडलं माझ्या जागी. पण म्या काय करू तिथं येऊन? कोण हाय मुख्य?"

"कंडक्टर बाई आहेत."

"कंडक्टर बाई? मंग तिकीट फाडतील का?"

आणि अकराच्या बसनं निघालास. अडीचला लातूरच्या स्टँडवर उतरलास तेव्हा तुझ्या काखेत ती रेक्झिनची पेटी होती आणि अंगात लग्नातल्या बँडचा लाल शर्ट. बदलायला वेळच मिळाला नव्हता. तुझे दाजी आणि मी गाडी घेऊन तुला घ्यायला आलो होतो. त्यांनी शर्टाकडं बघितलं आणि म्हणाले, "दादा, तिथं काळं लागतं म्हणे. माझा कोट गाडीत आणलाय." पोराच्या लग्नात शिवलेला तो कोट तुला खांद्यात घट्ट आणि बाह्यांत लांब होता. गाडीतच मी बाह्या आत दुमडून चार टाके घातले. सुई टोचेल म्हणून तू हात असा धरला होतास जणू डॉक्टरकडंच आलायस.

तालीम सुरू झाली आणि पहिल्यांदा कळलं ते हे की तुझं क्लॅरनेट त्यांच्या पट्टीत बसत नाही. आपल्याकडच्या बँडांची पट्टी थोडी चढी. तुझा एक एक सूर त्यांच्यातून वर डोकं काढत होता. शेवटी त्या आजारी मुलीचं क्लॅरनेट तुला दिलं. तू ते लगेच हातात घेतलं नाहीस. आधी बाहेर जाऊन हात धुऊन आलास, रुमालाला पुसलेस, तुझ्या क्लॅरनेटचा तोंडाकडचा भाग आणि त्यावरची तुझी वेताची पत्ती तिच्या क्लॅरनेटला बसवलीस, आणि मग कुठं फुंकर घातलीस. शेजारी पहिल्या क्लॅरनेटवर मुंबईचे एक पन्नाशीतले गृहस्थ होते. ते बघत होते. त्यांनी तुझ्यासाठी खुर्ची थोडी पुढं सरकवली.

तू त्यांना विचारलंस, "साहेब, म्या जिंदगीभर पहिलंच वाजिवलं. दुसरं म्हंजे काय करायचं असतं?"

ते म्हणाले, "माझ्या खाली राहायचं. लोकांना तुम्ही ऐकू येणार नाही. पण तुम्ही नसलात तर मी उघडा पडेन."

"हां. हे जमंल."

जुनी सिंफनी तुला जमली. फक्त बाई पुन्हा पुन्हा हात खाली करायच्या, "काका, हळू. अजून हळू." रस्त्यावर, गाड्यांच्या हॉर्नच्या वर वाजवायची सवय तुला. चौथ्यांदा तू क्लॅरनेट तोंडातून काढलंस आणि म्हणालास, "बाई, याच्यापेक्षा हळू म्हंजे मनातल्या मनात."

"तेच हवंय मला."

सगळे हसले. तूही हसलास. पण मग दुसरी रचना आली आणि तुझं हसू गेलं. तिच्यात दर ओळीला मोजणी बदलत होती. पाच, मग तीन, मग सात, पुन्हा पाच. तू एकदा चुकलास, दोनदा चुकलास. तिसऱ्यांदा अख्खा ऑर्केस्ट्रा तुझ्यासाठी थांबला. चाळीस माणसं वाद्यं मांडीवर घेऊन बसलेली. मी मागच्या दारात उभी होते आणि माझ्या मनात आलं, कशाला बोलावलं मी याला? त्याची सगळी इज्जत आपल्या हातानं घालवायला?

कंडक्टर बाई खाली वाकून तुझ्याशी मऊपणे बोलल्या. ती रचना आपण रद्द करू, तुमची काही चूक नाही, एवढ्या कमी वेळात कुणालाच जमत नाही, असं काहीतरी. तू पानं उलटीपालटी करत होतास. मग म्हणालास, "बाई, ते एकट्याचं हाय ते म्या वाजिवतो. ते सरळ हाय. पण त्याच्या पुढची दोन पानं मला सोडा. तिथं म्या गप बसतो. चुकीचं वाजिवणार न्हाई."

बाईंनी तुझ्याकडं बघितलं. "नक्की?"

"हाव."

पाचला तालीम संपली. सगळे चहा-पोह्यांकडं गेले. तू मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलास, ती पानं मांडीवर घेऊन. मी पोह्यांची प्लेट आणली तर म्हणालास, "नको. पोट भरलं की फुंक बसत न्हाई. तू मास्तरीण हाईस ना? मंग गिनती कर. हे आकडे बघ अन् मोठ्यानं म्हण."

मी शेजारी बसले. एक दोन तीन चार पाच. एक दोन तीन. एक दोन तीन चार पाच सहा सात. तू डोळे मिटून बोटं हलवत होतास. समोर सायकल स्टँड होता, त्याच्या पत्र्यावर ऊन उतरत होतं. आपण दोघं असे शेजारी शेजारी किती वर्षांनी बसलो होतो कोण जाणे. मला वाटलं, आता बोलावं. मी मोजता मोजता थांबले आणि म्हणाले, "दादा, तेव्हा लातूरची माणसं मला बघायला आली होती ना..."

तू डोळे न उघडता म्हणालास, "इमे, गिनती चुकवू नको."

मी पुन्हा मोजायला लागले.

सभागृह भरलं. माझ्या शाळेतले सगळे आले होते, दुकानदार, वकील, क्लासवाले, पोरं घेऊन आलेल्या बायका. सिंफनीचा पहिला भाग संपला तसे लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणे. बाईंनी वळून हसून मान झुकवली आणि पुढं सुरू केलं. तू मला तिसऱ्या रांगेतून नीट दिसत होतास. तुझा आवाज वेगळा ऐकायचा मी खूप प्रयत्न केला. आला नाही. पहिल्या क्लॅरनेटचा सूर मात्र मला दुपारपेक्षा भरदार वाटत होता.

मध्यंतरानंतर ती दुसरी रचना. तिनं लोक चुळबुळायला लागले. माझ्या मागचा एक जण पुटपुटला, "हे वाद्यं जुळवून राहिलेत का वाजवून राहिलेत?" आणि मग सगळं हळूहळू खाली गेलं. व्हायोलिनं एकाच सुरावर धरून राहिली, वर कुठंतरी तो मुंबईचा माणूस बारीक आवाजात काहीतरी वाजवत होता, आणि त्याच्याखाली तू सुरू केलंस.

दादा, तो सूर मी घरात कधी ऐकला नव्हता. तुझं क्लॅरनेट मला माहीत होतं ते उंच, उडतं, वरातीच्या पुढं नाचणारं. हा खालचा होता, जाड, आणि इतका हळू की शेवटच्या रांगेतली माणसं पुढं वाकली. आठ ओळी असतील. तुझे दाजी माझ्या शेजारी होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

मग तुझी ती दोन पानं आली. तू क्लॅरनेट गुडघ्यावर उभं धरून बसलास. सगळा ऑर्केस्ट्रा तुझ्याभोवती धडधडत होता आणि तू एकटा स्थिर, फक्त ओठ हलत होते. पाच, तीन, सात. दोन पानं संपली तशी तू पुन्हा क्लॅरनेट उचललंस आणि बरोबर त्यांच्यात शिरलास.

शेवटी बाईंनी तुला उभं राहायची खूण केली. तुला वाटलं दुसऱ्या कुणाला, म्हणून तू मागं वळून बघितलंस. मुंबईच्या गृहस्थांनी तुझ्या कोपराला धरून तुला उठवलं. डॉक्टरसाहेबांनी माईक घेतला. "यांची ओळख करून द्यायलाच हवी. आजच्या आज नांदेडहून धावत आलेले, आमच्या विमलताईंचे बंधू, पोलीस खात्यातले निवृत्त..." आणि ते अडकले. त्यांना पुढचा शब्द सापडेना. माझ्याकडं बघायला लागले.

मी तिसऱ्या रांगेतून उभी राहिले आणि ओरडले, "बँडवाले!"

वर्गात ओरडते तसंच ओरडले. सभागृह हसलं, आणि मग टाळ्या, किती तरी वेळ. तू दुमडलेल्या बाह्यांतून हात वर करून नमस्कार केलास.

त्या रात्री जेवताना आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणाले, "तुझं वाजवणं सोडून ते दुसरं मला काही कळलं नाही. त्याला धड शेवटसुद्धा नव्हता."

"कामून? होता की. तुला ऐकू आला न्हाई."

"मधेच थांबलं ते, दादा."

"मधेच थांबत असतंय तसं बी काही काही."

त्या दोन पानांच्या झेरॉक्स तू बाईंकडून मागून घेतल्यास. मग दोन वर्षं फोनवर तेच. खुशाली झाली की तू म्हणायचास, "इमे, आज एक ओळ अजून सुटली." मी म्हणायचे, "अरे, त्या कर्कश गोष्टीला कशाला एवढा वेळ देतोस? कोण बोलावणार आहे तुला पुन्हा?" तू रागवायचास. "बोलावलं तरच शिकायचं असतंय का?" मी विषय बदलायचे. ती दोन पानं तुला पुरती जमली का, मला माहीत नाही. वहिनी म्हणते, शेवटच्या महिन्यात तू न थांबता वाजवायचास. पण तू थांबत नव्हतास म्हणजे बरोबर वाजवत होतास की नाही, ते तिला सांगता येत नाही. आणि मी ऐकायला आले नाही. शाळेच्या परीक्षा होत्या. परीक्षा दर वर्षी असतात.

तुझी तेरवी करून आम्ही लातूरला परत निघालो. अहमदपूरच्या अलीकडं चहाला थांबलो. तुझे दाजी आणि मी, दोघंच. मला वाटलं, आता हे कुणाला तरी सांगून टाकलं नाही तर माझ्याच्यानं पुढं जाववणार नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या वडिलांचा प्रश्न, माझं उत्तर, तू ट्रे घेऊन दारात. मी म्हणाले, "तुमच्या माणसांशी मी खोटं बोलले. त्याच्या समोर. आणि त्याची माफी मागायची राहिली."

ते कप हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुला बघून आम्ही परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा लातूरला आले होते. माझ्या ऑफिसात. मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, 'पोरगी खोटं बोलली न्हाई, अर्धं बोलली. बाकीचं अर्धं सांगायला म्या आलो. बँडात वाजिवतो म्या. तुम्हाला चालत नसंल तर आत्ताच सांगा. म्या तिला दुसरं काही तरी कारण सांगंन.'"

मी माझा कप खाली ठेवला. ते म्हणाले, "मी म्हणालो, चालतं. घरी वडिलांनाही मीच सांगितलं. मग दादा म्हणाले, 'म्या आलतो हे तिला कळू देऊ नका. म्या रागावलो असं वाटंल तिला, मनाला लागंल.' मी शब्द दिला होता. आता दादाच नाहीत, म्हणून सांगतोय."

"जेवला का तो?"

"थांबले नाहीत. संध्याकाळी परेडला वाजवायचं होतं म्हणे. ड्रेसवरच आले होते."

"कुठल्या ड्रेसवर?"

"बँडाच्या. पूर्ण. खांद्यावर झुपके, लाल पट्टा, पांढरे हातमोजे. बघायचं ते नीट बघून घ्या म्हणाले. स्टँडपासून ऑफिसपर्यंत बाजारातून पायी आले होते तसेच."

दादा, एवढा सजून तू माझ्या दारी कधी आला नाहीस. मी येऊ दिलं नव्हतं. माझं चुकलं.

तुझी,
इमी